रिपॅक : माउंटन बाइक शर्यतीची पायाभरणी

रिपॅक ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात 1976 ते 1984 या काळात भरलेली डोंगरउतारावरील सायकल शर्यत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस फेअरफॅक्स गावाजवळ, वणवे विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावर ती होत असे. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या या वाटेवर जवळपास 400 मीटरचा उतार आहे.

नावाचा उगम ब्रेकमध्ये आहे. स्पर्धक जाड टायरच्या जुन्या सायकली वापरत. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकातील ब्रेक लागे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि नवे ग्रीस भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच रिपॅक हे नाव पडले.

सर्वांत वेगवान कोण, हा मित्रमंडळींतील वाद मिटवण्यासाठी चार्ली केली यांनी 21 ऑक्टोबर 1976 रोजी पहिली शर्यत भरवली. एकाच वेळी सर्वांना सोडणे अरुंद वाटेवर धोक्याचे होते. म्हणून एकेका स्पर्धकास दोन मिनिटांच्या अंतराने सोडण्यात येई. वर आणि खाली एकमेकांशी जुळवलेली घड्याळे असत, आणि प्रत्येकाची वेळ केली आपल्या वहीत नोंदवीत. पहिली शर्यत ॲलन बाँड्स यांनी जिंकली. पुढे गॅरी फिशर यांनी 4 मिनिटे 22 सेकंदांचा विक्रम केला. जो ब्रीझ यांची सर्वोत्तम वेळ 4 मिनिटे 24 सेकंद होती.

या नोंदींमुळे केवळ स्पर्धकांचीच नव्हे, तर सायकलींचीही परीक्षा झाली. ब्रीझ यांनी 1977 मध्ये डोंगरवाटांसाठी खास सांगाडा घडवला. केली व फिशर यांनी 1979 मध्ये अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. प्रसिद्धीची बाजूही केली यांनीच उचलली. 1980 पासून निघालेले ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक त्यांनी डेनिस कॅरामॅग्नो यांच्यासह चालवले. शर्यतींच्या वार्ता त्यातून दूरवर पोहोचल्या.

आरंभीच्या शर्यतींना परवानगी नव्हती, विमाही नव्हता. मित्रांच्या मेळाव्यात हे खपून गेले. सहभाग वाढताच मात्र जमिनीची मालकी, दुखापतीची जबाबदारी आणि वाटेवरील अन्य लोकांची सुरक्षा हे प्रश्न पुढे आले. 1979 नंतर शर्यत थांबली. 1983 मध्ये राष्ट्रीय ऑफ-रोड सायकल संघटना, म्हणजेच नॉर्बा, स्थापन झाली. समान नियम आणि विम्याची सोय हे तिचे मुख्य हेतू होते. त्याच वर्षी रिपॅक पुन्हा भरली, ती या संघटनेच्या मान्यतेने.

डोंगरउतारावरील व क्रॉस-कंट्री अशा दोन्ही प्रकारांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1990 मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली. 1996 मध्ये अटलांटा येथे क्रॉस-कंट्री प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला. कोणत्याही डोंगरावर अशी शर्यत भरवू पाहणाऱ्या आयोजकास रिपॅकचा क्रम मात्र उलटा धरावा लागतो : आधी जमिनीची परवानगी आणि विमा, मग वाटेची पाहणी, आणि घड्याळ सर्वांत शेवटी.