गॅदरिंग जानेवारीत, पण युवा महोत्सवाचं नाव कधी द्यायचं? यवतमाळच्या विद्यार्थ्यांसाठी सोप्या भाषेत

जानेवारीत यवतमाळ, पुसद, वणीच्या कॉलेजांमध्ये गॅदरिंगचे मंडप लागतात आणि मोबाइलवर नाचाच्या रील्स फिरू लागतात. कॉलेजचा सांस्कृतिक हंगाम आता सुरू झाला, असं अनेकांना वाटतं. पण ज्याला गाणं, नाटक किंवा नाच यात कॉलेजबाहेर पोहोचायचं आहे, त्याच्यासाठी वर्षातली मोठी संधी तोवर बहुतेक निघून गेलेली असते. कारण हा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो.

गॅदरिंग आणि युवा महोत्सव यात फरक काय?

गॅदरिंग म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन. ते कॉलेजचं घरचं कार्य असतं. शेलापागोटे, आनंद मेळावा, वेशभूषा, सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच, शेवटी बक्षीस वितरण. इथे हौस हीच पात्रता.

युवा महोत्सव ही विद्यापीठानं घेतलेली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असते. प्रत्येक कॉलेज आपला संघ पाठवतं, परीक्षक असतात, वेळ मोजली जाते. सुगम गायनात आणि समूहगीतात सिनेमाची गाणी चालत नाहीत. गॅदरिंग गाजवणारे गायक पहिल्यांदा इथेच अडखळतात.

यवतमाळचा विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाच्या महोत्सवात जातो?

जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झालं. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. वैद्यकीय आणि कृषी शाखांची विद्यापीठं वेगळी, त्यामुळे त्यांचे महोत्सवही वेगळे.

जिंकल्यावर पुढे काय?

विद्यापीठाच्या महोत्सवातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

• इंद्रधनुष्य: महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची राज्यस्तरीय स्पर्धा, २००३ पासून सुरू.

• भारतीय विश्वविद्यालय संघाचे महोत्सव: आधी विभागीय स्पर्धा, तिथे यश मिळालं तर राष्ट्रीय.

म्हणजे वणीच्या कॉलेजात बसवलेली मूकनाट्याची पाच मिनिटं थेट राष्ट्रीय मंचावर जाऊ शकतात. पण वरच्या पायऱ्यांचं वेळापत्रक सांभाळायचं म्हणून विद्यापीठाचा महोत्सव साधारणपणे पहिल्या सत्रातच उरकावा लागतो. जानेवारीत उशीर होतो तो यामुळे.

स्पर्धा कोणकोणत्या असतात?

संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग असतात. एकांकिकेला ३० मिनिटं, प्रहसनाला १० मिनिटं, मूकनाट्य आणि नकलेला प्रत्येकी ५ मिनिटं मिळतात. वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजुषा वाङ्मय विभागात येतात. ललित कलेत व्यंगचित्र, रांगोळी, मातीकाम, कोलाज, पोस्टर आणि जागेवर चित्र काढणं असतं. मंचाची भीती वाटणाऱ्यांनी हा शेवटचा विभाग जरूर पाहावा. इथे ना टाळ्या ना माइक, फक्त काम.

यवतमाळकडे वेगळं काय आहे?

लोकनृत्याचं घरचं भांडार. कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांमध्ये दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. अनेक विद्यार्थ्यांनी हे लहानपणापासून पाहिलेलं असतं.

अडचण अशी की रात्र रात्र चालणारी दंडार मंचावर दहा मिनिटांत बसवावी लागते. मग वेग वाढतो, पोशाख चकचकीत होतो, मूळ चाल मागे पडते. यावर साधा उपाय आहे: आधी पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या जाणत्या माणसांना बोलवा, नृत्य दिग्दर्शक नंतर. काय गाळलं तर चालेल आणि काय गाळलं तर ती दंडारच राहत नाही, हे तेच सांगू शकतात.

नाटकासाठीही विषय शोधायला लांब जावं लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार एकटीनं ओढणाऱ्या येडे यांनी ‘तेरवं’ या नाटकात भूमिकाही केली होती. घरात घडलेलं मंचावर मांडता येतं, हे या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे.

मग संघात गावाकडची मुलं कमी का दिसतात?

तालमी कॉलेज सुटल्यावर होतात आणि गावाकडची शेवटची एसटी त्याआधीच निघते. त्यात तालमींचे दिवस नेमके सोयाबीनच्या सोंगणीचे आणि पुढे कापूस वेचणीचे. घरी हात कमी असतील तर तालीम बुडतेच. मुलींच्या बाबतीत संध्याकाळचा परतीचा प्रवास हा वेगळा प्रश्न. गुण असूनही नाव मागे घेतलं जातं ते अशा कारणांनी. काही तालमी दुपारच्या मोकळ्या तासात ठेवल्या, तरी यातली बरीच मुलं टिकतात. ही मागणी विद्यार्थ्यांनी करायला हरकत नाही.

याचा निकालाशी संबंध आहे का?

आता आहे. नव्या शैक्षणिक धोरणासाठी राज्य सरकारनं २०२३ मध्ये ठरवलेल्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. त्यात सांस्कृतिक उपक्रम आणि ललित व प्रयोगीय कलाही येतात. तुमच्या कॉलेजात यातले कोणते पर्याय आहेत, ते प्रवेश घेतानाच विचारा.

नाव कसं द्यायचं?

१. कॉलेज सुरू होताच सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना भेटा. सूचना फलकावर कागद लागायची वाट पाहू नका.

२. चालू वर्षाचे नियम मागून घ्या. कलाकारांची संख्या, साथीदार, वेळ हे सगळं त्यात असतं.

३. नियमित विद्यार्थी असल्याचा दाखला, ओळखपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा तयार ठेवा. वयाची मर्यादा साधारण २५ वर्षांची असते.

४. प्रवासखर्च आणि पोशाखाचं भाडं कोण देणार, हे तालमी सुरू होण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

आणि गॅदरिंग? त्यात नाचाच, त्याची मजा वेगळीच. पण महोत्सवाचं नाव पोळ्याच्या आधी देऊन ठेवा.