हंड्या-झुंबरांचा संग्रह (रायगड किनारा)

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत जुन्या शोभेच्या काचेचा संग्रह म्हणजे मुख्यतः दिव्यांच्या काचेचा संग्रह : छताला टांगायच्या हंड्या, झुंबरे आणि त्यांचे लोलक, शामदाने, भिंतीवरचे दिवे, कंदिलांच्या चिमण्या. त्याखालोखाल अत्तराच्या कुप्या, बिलोरी पेले आणि काचेच्या पाठीमागून रंगवलेली चित्रे येतात.

काच या किनाऱ्याला समुद्राने आणून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येथल्या चौल बंदराचा उल्लेख सेमुल्ला असा येतो. भडोच व मुझिरिस बंदरांत कच्ची काच उतरत असल्याचेही त्यातच नोंदलेले आहे. मात्र आज घराघरांत सापडणारी काच बहुधा एकोणिसाव्या शतकात व त्यानंतर मुंबईमार्गे आलेली, इंग्लंड, बोहेमिया आणि बेल्जियममध्ये घडलेली आहे. बर्मिंगहॅमचे ऑस्लर (स्थापना १८०७) आणि लिएजजवळचा व्हाल सँ लांबेर हा कारखाना (१८२६) हिंदुस्थानसाठी माल काढत. विक्रेते सरसकट प्रत्येक जुन्या काचेला ‘बेल्जियम’ म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नये.

अष्टागरातील, म्हणजे आवास-सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचे उत्पन्न असलेल्या घरांत हंडी हे दिवाणखान्याचे भूषण असे. घंटेसारख्या आकाराची ही काच तीन पितळी साखळ्यांनी आढ्याला टांगत. आत एका छोट्या पेल्यात पाणी, पाण्यावर तरंगणारे खोबरेल आणि त्यात वात. ज्योतीच्या वर काचेची एक लहान उपडी वाटी असे; तिच्यामुळे काजळी तक्तपोशीला लागत नसे. ही वाटी आणि आतला पेला सर्वांत आधी फुटतात. म्हणून दोन्ही मूळचे असलेली हंडी क्वचितच मिळते आणि संग्राहकाने तिचीच वाट पाहावी. वीज आल्यावर बहुतेक हंड्यांत बल्ब बसले, पेले माळ्यावर गेले.

या किनाऱ्याचे खरे वेगळेपण बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या दिव्यांत आहे. तेलाच्या घाण्यांचा धंदा आणि शनिवारची सुटी यांमुळे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. अलिबाग, रेवदंडा, पेण आणि पनवेल येथे त्यांची सिनेगॉग आहेत. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८चे. त्यांत टांगलेले काचेचे दिवे नवसाचे असतात, दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ दिलेलेही असतात. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. अशा दिव्याचे मोल काचेपेक्षा तो कोणी, कोणासाठी दिला यात जास्त आहे. ती माहिती लिहून न घेता दिवा उचलणारा संग्राहक निम्मी वस्तू मागेच टाकून येतो.

मराठी मुलखात घडलेल्या काचेकडे संग्राहकांचे लक्ष त्यामानाने कमी आहे, आणि हे खेदाचे आहे. लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला तळेगाव दाभाडे येथील पैसाफंड काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६चा, त्याचा प्रभाकर कंदील गावोगाव पोचला. त्यांचा माल विलायती बिलोरापुढे साधा दिसतो, पण स्वदेशीचा इतिहास त्यातच आहे.

पारख : हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात, साच्यातल्या बोथट असतात आणि साच्याचा सांधा उभ्या रेषेसारखा दिसतो. फुंकलेल्या भांड्याच्या बुडाशी नळी किंवा सळई तोडल्याचा खडबडीत किंवा घासून गुळगुळीत केलेला ठसा असतो. शिशाची काच जड असते आणि टिचकी मारल्यावर लांब घुमते. युरेनियम घातलेली पिवळट-हिरवी काच अतिनील प्रकाशात हिरवी चमकते. फिरोजाबादेत जुन्या घाटाच्या हंड्या आजही होतात. त्या वाईट नव्हेत, पण जुन्या म्हणून विकल्या जातात. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुन्या आणि नव्या हंड्या शेजारी-शेजारी टांगलेल्या दिसतात.

तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला. त्यात दिव्यांचे मोठे दालन आणि काचचित्रेही आहेत.

जतन : खाऱ्या हवेत लोखंडी आकडा आतून गंजतो आणि हंडी पडते ती बहुधा त्यामुळे, पितळी आकडा लावावा. पितळेला चिंच लावायची तर काच आधी उतरवून ठेवावी. अल्कली जास्त असलेली काच दमट हवेत ओलसर, चिकट होते व तिच्यावर बारीक तडे जातात. अशी काच कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी आणि पावसाळाभर बंद पेटीत ठेवू नये. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरील घरांची कौले उडाली. वादळाची सूचना मिळताच टांगलेली काच खाली घ्यावी.

कायदा : १९७२चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षे पुरी झालेली हंडी त्याखाली पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो.