गोधडी, सावड आणि आठवडा : यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांच्या शिवणकामाविषयी एक टिपण

शेतीच्या कामात शेजाऱ्यांनी एकमेकांस हात द्यावा, या व्यवहारास मराठीत नावे आहेत. आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या, ही सावड. अनेकांचे नांगर एकाच शेतात उतरावयाचे आणि धन्याने सर्वांस जेवू घालावयाचे, ते इर्जिक. परंतु चार-सहा बायका दुपारी एखाद्या ओट्यावर बसून एकीची गोधडी शिवतात आणि पुढच्या खेपेस दुसरीची शिवतात, या व्यवहारास निराळे नाव प्रस्तुत लेखकास कोशांत आढळले नाही. वस्तू आहे, क्रिया आहे, मंडळीही आहेत. संज्ञा तेवढी नाही. अमेरिकेतील इंग्रजीत अशा मेळाव्यास ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात, आणि नाव असल्यामुळे त्याचा इतिहासही लिहिला गेला आहे. आपल्याकडे नाव नाही म्हणून तो व्यवहारच नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. तथापि इतिहास लिहिताना आपण वागलो आहोत ते मात्र तसेच.

मेळाव्यास नाव नसले तरी वस्तूस नावे पुष्कळ. देशावर, विशेषतः दक्षिणेकडे, वाकळ हा शब्द रूढ आहे. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ हा क्रम ध्वनिदृष्ट्या सरळ आहे: जोडव्यंजन एकेरी होऊन मागील स्वर दीर्घ झाला आणि स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ झाला. झाडाच्या सालीचे वस्त्र असा मूळचा अर्थ. तो तपस्व्याच्या अंगावरून गरिबाच्या अंथरुणावर आला. गोधडी हा शब्द मात्र हिंदी गुदडी व गुजराती गोदडी यांचा सख्खा भाऊबंद आहे, आणि यवतमाळकडे ऐकू येतो तो मुख्यतः हाच. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया होतो, तसे ठिगळाचेही ठिगय होते. अभ्यासक गावी जाऊन ‘ठिगळ’ म्हणाला की तो बाहेरचा, हे बायका तेथेच ओळखतात.

तिसरा शब्द कंथा. जोगी-बैराग्यांच्या ठिगळी वस्त्राचे हे नाव बंगालीत ‘कांथा’ म्हणून घरोघरी नांदते. येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. पाणिनीच्या ‘संज्ञायां कन्थोशीनरेषु’ या सूत्रातील कन्था गोधडी नव्हे. ती उशीनर देशातील गावांच्या नावांचा उत्तरावयव असून, समरकंद या नावाच्या अखेरीस दिसणाऱ्या इराणी कुळातील शब्दाशी विद्वान तिचा संबंध जोडतात. केवळ रूपसाम्यावर गोधडीस पाणिनीपर्यंत नेऊन बसविण्याचा मोह टाळावा.

आता वस्तूकडे वळू. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. 1905 पूर्वी या जिल्ह्याचे नाव वणी असे होते. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी या काळ्या जमिनीवर खिळली. 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा फाटाही मुख्यतः कापूस वाहण्यासाठीच झाला. या साऱ्या हकीकती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तोंडपाठ असतात. पण या कापसाच्या जिल्ह्यातील गोधडीत कापूस नसतो, ही साधी गोष्ट सहसा कोणी नमूद करीत नाही.

गादी आणि रजई यांत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत भरतात ती जुनी वस्त्रे. कापूस हे नगदी पीक. त्याची बोंडे वेचून झाली की ती बाजाराची, म्हणजे पर्यायाने सरकारी साऱ्याची आणि सावकाराची होत. घरात उरे ते विकत आणलेल्या कापडाचे जीर्ण रूप. एकेकाळी वऱ्हाडात कोष्टी विणीत, आणि महार विणकरांचे जाडेभरडे कापडही चाले. आगगाडीने कापूस नेला आणि येताना गिरणीचे कापड आणले. शेतातून गेलेला कापूस असा दूरचा वळसा घालून, लुगडे होऊन, विटून, फाटून गोधडीच्या रूपाने पुन्हा घरी मुक्कामास येई. गिरणीचे तलम कापड हातमागाच्या जाड कापडापेक्षा लवकर विरते. तेव्हा त्याच्या प्रसाराबरोबर घरातील चिंध्या वाढल्या असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. अनुमान यापलीकडे त्यास आज मोल नाही.

गोधडीची रीत अशी. उन्हे तापली, कापसाची वेचणी आटोपली, म्हणजे अंगणात वा ओट्यावर जुने लुगडे अंथरतात आणि त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर धोतरे, लुगडी, पोरांचे सदरे उसवून पसरतात; जेथे कापड विरलेले तेथे दुहेरी थर देतात. वरच्या थरात रंग पाहून तुकडे मांडतात. मग मोठ्या टाक्यांनी सर्व टाचून घेऊन चारी बाजूंस बायका बसतात आणि काठाकडून मध्याकडे, चौकटीच्या आत चौकट याप्रमाणे, धावदोरा घालीत येतात. हे काम एकटीने होत नाही असे नाही. होते, पण मग एक गोधडी उन्हाळाभर पुरते, आणि बोलावयास कोणी नसते. काम पुढे सरकते तसतशा बसलेल्या बायकाही एकमेकींच्या जवळ सरकतात. ज्या गोष्टी काठाशी असताना मोठ्याने बोलता येत नाहीत त्या मध्याशी आल्यावर हळू बोलल्या जातात. एका वृद्धेने हे लेखकास हसत सांगितले, आणि तेथून उठावयास सुचविले.

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांच्या स्त्रियांची कांचळी आणि फेटिया यांवरील आरसे, कवड्या व तुकड्यांचे काम प्रसिद्धच आहे. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाचा धंदा आगगाडीने बुडविला. सुई मात्र राहिली. या शिवणकामाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. गोधडीच्या पोटात तो बसविणे अन्यायाचे होईल.

गोधडीला प्रतिष्ठा देणारा पुरुष याच वऱ्हाडात झाला. गाडगेबाबा (1876–1956) ठिगळांचे वस्त्र पांघरून हिंडत. लोकांनी त्यांना दिलेल्या अनेक नावांत ‘गोधडे महाराज’ हेही एक आहे. परंतु ती ठिगळे जोडणारे हात कोणाचे, हा प्रश्न चरित्रांतून क्वचितच विचारला जातो.

राहिला आठवड्याचा मुद्दा. जुनी बैठक ऋतूवर चाले, वारावर नव्हे. तरीही आठवडा खेड्यास परका नव्हता. बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती होई आणि शेतावरचे काम बंद राही. तोच बायकांचा मोकळा दिवस, जर तो मोकळा म्हणावयाचा असेल तर. सात दिवसांच्या काळास आपण ‘आठ’वडा म्हणतो, कारण या बाजारापासून त्या बाजारापर्यंत मोजताना दोन्ही टोके धरतो. ठरलेल्या वारी, हजेरी घेऊन बसण्याची रीत मात्र बचत गटांनी आणली. 1992 मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला. पुढे 2011 पासून ‘उमेद’ अभियानाने नियमित बैठक हे गटाचे पहिले सूत्र ठरविले. जेथे बायका गटाच्या बैठकीस बसतात तेथे हातात सुईही येते. वहीत बचत, कर्ज, परतफेड यांची नोंद होते, गोधडीची होत नाही. ती शिवणाऱ्यांना ते काम वाटत नाही आणि लिहिणाऱ्यांना तो व्यवहार वाटत नाही.

अशी नोंद झाली तर काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या एका कापसाच्या मुलखात सापडते. अमेरिकेतील आलाबामा राज्यात, विल्कॉक्स परगण्यात, गुलामांच्या वंशजांनी 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. त्याच परगण्यातील जीज बेंड गावच्या स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत मांडल्या गेल्या. ज्या युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला त्याच युद्धाने त्यांच्या पूर्वजांची गुलामगिरी मोडली, हा योग केवळ योग म्हणून सोडून देता येत नाही; एकाच बाजारपेठेची ती दोन टोके होती.

यवतमाळच्या नव्या गोधड्यांत आता सुती तुकडे कमी दिसतात. घरात सुती लुगडेच राहिले नाही. साड्या कृत्रिम धाग्याच्या, त्या सुईखाली निसटतात आणि घाम टिपीत नाहीत. जुनी सुती गोधडी मात्र अजून बऱ्याच घरांत सर्वांत खालच्या घडीस असते. विभागाचे जे विद्यार्थी उन्हाळी सुटीत गावी जातील त्यांनी अशी एकेक गोधडी उलगडून, कोणता तुकडा कोणाच्या कोणत्या वस्त्राचा, ते कोठून आणले होते, शिवावयास कोण कोण बसले होते, हे घरातील वडील स्त्रीच्या तोंडून, तिच्याच उच्चारात, लिहून आणावे. त्या बसण्यास ती काय म्हणते, हे विचारावयास विसरू नये.