नाव गुणाचे, ओझे कोणाचे?

आपल्या पेण-रोह्याकडे पूर्वी बारशाला देवाचे नाव ठेवण्याची रीत मोठी. गागोद्यास १८९५ साली जन्मलेले विनोबा मूळचे विनायक आणि त्यांच्या मातोश्री रुक्मिणी. रोह्यास १९२० साली जन्मलेले आठवलेशास्त्री पांडुरंग. या रीतीमागे अजामिळाची कथा आहे. त्याने अंतकाळी मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि त्या हाकेनेच यमदूतांचा पाश सुटला. लेकराला हाक मारता मारता नामस्मरण घडावे, हा त्यातला हेतू.

गुणांची नावेही तितकीच जुनी. भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षाने आपल्या १३ कन्या धर्माला दिल्या. त्यांत श्रद्धा, मैत्री, दया, शांती, मेधा, तितिक्षा आहेत. दयेच्या पोटी अभय आला, शांतीच्या पोटी सुख. गुण घरात नांदला की त्याचे फळही घरातच वाढते, असा त्या वंशावळीचा अर्थ. गीतेच्या दहाव्या अध्यायात तर मेधा, धृती, क्षमा या भगवंताच्याच विभूती सांगितल्या आहेत.

आळंदीच्या भावंडांची नावे पाहा: निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ता. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले, पण नावांतच परमार्थाची वाट आखलेली. आधी विषयांतून परतणे, मग ज्ञान, शेवटी मुक्ती. मधला सोपान म्हणजे पायरी. ज्ञान झाले तरी चढायचे राहतेच, हे तो सांगतो. ताटीच्या अभंगांचा प्रसंगही हेच शिकवतो. ज्ञानदेव रुसून ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांची समजूत घातली धाकट्या मुक्ताईने.

देवाच्या नावाला अधिकार लागत नाही; अजामिळासारख्यालाही ते तारते. गुणाच्या नावाचे तसे नाही. ‘क्षमा’ म्हणून खेकसले, तर क्षमा कोठे राहिली? ‘शांता’ म्हणत तिच्यावर हात उगारला, तर घरात शांती कशी यावी? पाळण्यातल्या जिवाला नावाचा अर्थ कळत नाही. तो कळतो आत्याला, आईला, बापाला. म्हणून त्या नावाचे ओझे आधी हाक मारणाऱ्यावर असते. लेकीचे नाव दया ठेवले, तर सुनेशी आणि दारी आलेल्याशी दयेने वागावे. मग त्या नावाचा अर्थ लेकीला निराळा सांगावा लागत नाही.

रामकृष्ण हरी.