टिटवाळा ते ठाणे : चांगली मिसळ कशी ओळखावी?

टिटवाळ्याच्या महागणपतीचे दर्शन आटोपले की भाविकांना न्याहारीचे वेध लागतात. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात मिसळीची पाटी शोधावी लागत नाही. शोधावी लागते ती चांगली मिसळ. ती केवळ झणझणीतपणावर जोखणे मात्र फसवे ठरते.

मटकीची किंवा वाटाण्याची उसळ, तिच्यावर कट म्हणजेच रस्सा, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि सोबतीला लिंबू व पाव, अशी मिसळीची मांडणी असते. रश्श्यावर तरंगणारा तेलाचा लाल थर म्हणजे तर्री. मिरचीला तिखटपणा देणारा कॅप्सेसिन हा घटक तेलात सहज विरघळतो, पाण्यात जवळपास नाही. त्यामुळे तिखटाचा जोर तर्रीत एकवटतो आणि पाणी प्यायल्याने तोंडाची आग शमत नाही. तेथे दही किंवा ताकच उपयोगी पडते.

पारख रश्श्याची

प्रथम तर्री वेगळी मागवावी आणि नुसत्या रश्श्याची चव घ्यावी. कांदा-खोबऱ्याचे वाटण नीट भाजलेले असल्यास तर्रीवाचूनही रस्सा चवदार लागतो. पाणचट रस्सा तिखटाआड लपवता येतो, हे ध्यानात ठेवावे. उसळ शिजलेली, पण दाणे अखंड असावेत. फरसाण वाढतेवेळीच घातलेले असावे. रस्सा वाफाळता नसेल किंवा उसळीला आंबूस वास येत असेल, तर ती मिसळ टाळणेच इष्ट.

रश्श्याने पदार्थाची ओळख ठरणे ही काही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. मलेशियातील ‘लाक्सा’ हा शेवयांचा रस्सेदार पदार्थ पेनांगमध्ये मासे व चिंचेमुळे आंबट होतो, तर ‘करी लाक्सा’त नारळाचे दूध असते. मिसळही अशीच गावागणिक बदलते. कोल्हापुरात ती झणझणीत कटासह मिळते, पुण्यात तिच्यात पोहेही असतात, तर नाशिकची मिसळ काळ्या मसाल्यासाठी ओळखली जाते.

कोठे जावे?

टिटवाळ्याहून सुमारे ३० किलोमीटरवरील ठाण्यात ‘मामलेदार मिसळ’ प्रसिद्ध आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस तहसीलदार, म्हणजेच पूर्वीच्या मामलेदार कचेरीजवळ असल्याने तिला हे नाव पडले. येथे तिखटाचे प्रमाण सांगता येत असल्याने नवख्याने सौम्य मिसळीपासून सुरुवात करावी. आणखी पुढे दादरला ‘आस्वाद’ आहे. तेथील मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधील ‘फूडी हब’ पुरस्कारांत सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता.

संकष्टीला टिटवाळ्यास येणाऱ्यांचा मात्र उपवास असतो. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचा चिवडा यांची उपवासाची मिसळ हा पर्याय आहे. तिचीही खरी परीक्षा आमटीतच होते.