जीवांची नोंद : नगाने की वजनाने?

अहिंसेच्या इतिहासात माशाचे स्थान जुने आहे. जैन जीवविचारात तो जलचर, पंचेंद्रिय जीव होय. इ. स. १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्रीस आले आणि त्यांच्या उपदेशाने सम्राट अकबराने तेथील डाबर तलावातील मासेमारी बंद केली. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांतही तलाव आटविण्याचा धंदा गणलेला आहे.

आपल्या मुलचेरा परिसरात तलाव आणि मासे नित्याचेच. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन येथे वसलेले आपले बंगाली शेजारी मत्स्यपालनात कुशल आहेत. त्यांच्या आहारावर टीका करण्याचा हेतू नाही. मात्र या धंद्यातील हिशेबाची रीत विचारात घेण्याजोगी आहे. तळ्यात सोडताना मत्स्यबीज हजारांत, लाखांत मोजतात. बाजारात मासा किलोने विकतात. मधल्या काळात मेलेले जीव विक्रीच्या आकड्यात येतच नाहीत.

जगाची वहीही अशीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे १९५० पासूनची मत्स्योत्पादनाची आकडेवारी आहे, पण टनांत. अॅलिसन मूड व फिल ब्रुक या अभ्यासकांनी प्रत्येक जातीच्या एकूण वजनास एका माशाच्या अंदाजे वजनाने भागून संख्या काढली. एक किलोचा रोहू धरल्यास टनात १,००० जीव. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील २० ग्रॅमचा अँकोवेटा धरल्यास ५०,०००! त्यांच्या अंदाजाने २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी १.१ ते २.२ लाख कोटी मासे पकडले गेले. त्यांपैकी सुमारे निम्म्यांची भुकटी व तेल झाले. ही भुकटी मुख्यतः पाळीव मासे, कोळंबी, कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात जाते. याशिवाय २०१९ मध्ये पाळून मारलेले मासे ७,८०० ते १७,१०० कोटी होते.

दुकानात आपण कापड मीटरने आणि साडी नगाने लिहितो; एकक चुकले तर ताळेबंद जुळत नाही. प्रतिक्रमणात आपण जीवांची क्षमा मागतो, टनांची नव्हे. आपला जीवदया निधी बहुधा गोशाळा व पांजरापोळांकडे जातो, ते योग्यच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या वहीत जलचरांसाठीही एक पान उघडावे, आणि आपले भांडवल अशा खाद्याच्या व्यापारात गुंतले आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे, ही नम्र विनंती.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.