डुआर्सची रेल्वे : मजूर आले, हक्क मागेच राहिले

उत्तर बंगालमध्ये, हिमालयाच्या पायथ्याशी, सिलिगुडीहून अलीपूरदुआरपर्यंत एक रेल्वेमार्ग जातो. सेवक, मालबाजार, चालसा, बानरहाट, दलगाव, मदारीहाट, हासीमारा, राजाभातखावा ही त्यावरची स्टेशनं. महानंदा, चापरामारी, जलदापारा आणि बक्साची जंगलं आणि त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल पसरलेले चहाचे मळे. २०२१ पासून या मार्गावर काचेच्या छताची पर्यटक गाडी धावते. या मार्गाबद्दल छापून येतं ते दोन गोष्टींबद्दल : एक निसर्गसौंदर्य आणि दुसरी हत्तींचे अपघात. २००३-०४ च्या सुमारास मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, गाड्यांचा वेग वाढला आणि हत्ती मरू लागले. सप्टेंबर २०१० मध्ये बानरहाटजवळ एका मालगाडीने एकाच रात्री सात हत्ती मारले, तेव्हा देशभर हळहळ झाली. ती योग्यच होती.

पण या मार्गाच्या दोन्ही बाजूंना जी माणसं राहतात, त्यांचा इतिहास कोण सांगणार? ही रेल्वे कोणासाठी बांधली, तिने कोणाला कुठून आणलं आणि आणताना त्यांच्याकडून काय काढून घेतलं, हे आंबेडकरी तरुणांनी समजून घ्यायला हवं. कारण हा प्रश्न शेवटी आपल्या हातातल्या जात प्रमाणपत्रापर्यंत येऊन पोहोचतो.

'दुआर' म्हणजे दार. भूतानमध्ये शिरण्याच्या अठरा वाटा म्हणजे हे दुआर. १८६४-६५ च्या युद्धात इंग्रजांनी भूतानचा पराभव केला आणि नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुला करारान्वये हा पट्टा ताब्यात घेतला. इथे मेच, राभा, राजवंशी असे समाज राहत होते. मेच आणि राभा फिरती शेती करत. सरकारच्या लेखी मात्र ही 'पडीक' जमीन होती. जिथे माणसं राहतात, कसतात, त्या जमिनीला पडीक म्हणायचं आणि मग ती भांडवलदाराला पट्ट्याने द्यायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. १८७४ मध्ये गाजलडोबा इथे डुआर्सचा पहिला चहामळा लागला. चार वर्षांत मळेवाल्यांची संघटनाही उभी राहिली. उरलेलं जंगल राखीव झालं. त्यातल्या सालाच्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर झाले. ज्यांचं ते जंगल होतं त्यांना वनखात्याच्या गावांत बसवून झाडं लावण्याच्या कामाला जुंपलं गेलं. राहायला जागा आणि कसायला तुकडा, त्याच्या बदल्यात वर्षातले ठराविक दिवस फुकट मजुरी. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षं हे चाललं. महार वतनाचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. तुकडाभर जमिनीच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाचे हात बांधून ठेवायचे, एवढंच तिचं सार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच बांधिलकीच्या विरोधात.

मळे लागले, पण चहाची पेटी बंदरापर्यंत जाणार कशी? त्यासाठी बंगाल डुआर्स रेल्वे ही कंपनी निघाली. १८९३ मध्ये तिस्तेच्या काठच्या बार्न्स घाटापासून डामडिमपर्यंत पहिला मार्ग सुरू झाला. पुढे तो एका बाजूला बागराकोट, दुसऱ्या बाजूला मदारीहाट आणि दक्षिणेला लालमणिरहाटपर्यंत वाढला. नकाशा पाहिला तर लक्षात येतं की रूळ वळतात ते मळ्यांच्या सोयीने. परतीच्या दिशेने या रुळांवरून माणसं आली. छोटा नागपूर आणि संथाळ परगण्यातून उरांव, मुंडा, खडिया, संथाळ. सावकार, जमीनदार आणि दुष्काळ यांनी घेरलेली ही माणसं. मळ्याचा सरदार गावी जाई, उचल देई आणि आपल्या माणसांची टोळी घेऊन येई. उचल घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जाणारे मराठवाड्यातले ऊसतोड मजूर आणि त्यांचे मुकादम आठवा, म्हणजे ही पद्धत डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच की ऊसतोड मजूर हंगाम संपल्यावर परततो. डुआर्सला गेलेले तिथलेच झाले. मळ्यातल्या मजूर वस्तीला आजही 'लाईन' म्हणतात. एका लाईनीने आणलं आणि दुसऱ्या लाईनीत ठेवलं. घर मळ्याचं, दवाखाना मळ्याचा, रस्ताही मळ्याचा. बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही.

ही कोंडी फोडली तीसुद्धा रेल्वेनेच, हा इतिहासातला महत्त्वाचा धडा आहे. स्टेशन आणि रेल्वे वसाहत मळेवाल्याच्या मालकीची नव्हती. १९४६ च्या सुमारास रेल्वे कामगारांच्या संघटनेचे कार्यकर्ते तिथून मळ्यांत पोहोचू लागले आणि चहामजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९४७ च्या तेभागा लढ्यात, म्हणजे पिकाचे दोन तृतीयांश कसणाऱ्याला मिळावेत या लढ्यात, डुआर्सचे कुळकरी, मळ्यांतले आदिवासी आणि रेल्वे कामगार एकत्र उतरले. सरकारने गोळीबार केला, माणसं मारली गेली. रेल्वे कामगार म्हटलं की आपल्याला १९३८ ची मनमाडची परिषद आठवते. जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. डुआर्समध्ये हे दोन्ही शत्रू एकाच मळ्यात नांदत होते. मालक गोरा, कारकून सवर्ण 'बाबू' आणि पानं खुडणारी आदिवासी बाई. गोरा मालक गेल्यावरही ही उतरंड मोडली नाही.

मग फाळणी आली. बंगालच्या फाळणीने दोन गोष्टी तोडल्या. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने ज्या आमदारांनी त्यांना मतं दिली, त्यात रंगपूरचे राजवंशी आमदार नगेंद्रनारायण राय होते. लालमणिरहाट त्याच रंगपूर जिल्ह्यात. फाळणी झाली आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. त्यांना मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून यावं लागलं. त्याच फाळणीने डुआर्सची रेल्वेही तोडली. लालमणिरहाट पाकिस्तानात गेलं आणि आसामचा उरलेल्या भारताशी असलेला रेल्वेसंबंध संपला. तेव्हा सरकारने किशनगंज ते फकिराग्राम असा सुमारे २२९ किलोमीटरचा 'आसाम लिंक' मार्ग हाती घेतला. डुआर्सचे जुने तुकडे जोडून, तिस्ता आणि तोरसा नद्यांवर पूल बांधून दोन वर्षांत काम पुरं झालं. प्रवासी गाडी सुरू झाली ती तारीख २६ जानेवारी १९५०.

म्हणजे ज्या दिवशी संविधान लागू झालं, त्याच दिवशी या मार्गावरून माणसं बंगालमधून आसामात जाऊ लागली. रेल्वेने दोन राज्यं जोडली. मग संविधानाचे हक्क त्या गाडीत बसले का?

नाही बसले. अलीपूरदुआरहून पूर्वेकडे निघालं की संकोश नदीच्या पलीकडे आसाम लागतं. नदीच्या अलीकडचा उरांव, मुंडा, संथाळ हा पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जमातीत आहे. पलीकडचा त्याचा नातेवाईक आसामात 'टी ट्राईब' म्हणून इतर मागासवर्गात आहे. अलीकडचा राजवंशी अनुसूचित जातीत, तर पलीकडचा कोच-राजवंशी इतर मागासवर्गात. भाषा तीच, कुळं तीच, सणही तेच. छोटा नागपुरातून निघालेल्या दोन भावांपैकी एक जलपाईगुडीच्या मळ्यात उतरला आणि दुसरा आसामच्या मळ्यात. त्यांच्या पणतवंडांपैकी एकाला लोकसभेच्या राखीव जागेवर उभं राहता येतं, दुसऱ्याला येत नाही.

याचं समर्थन असं केलं जातं की हे लोक आसामचे मूळ रहिवासी नाहीत, बाहेरून आले. पण बंगालच्या मळ्यांतही ते बाहेरूनच आले होते! स्थलांतर हेच कारण असेल तर ते संकोशच्या अलीकडेही लागू व्हायला हवं होतं. तिथे ते आड आलं नाही. म्हणजे स्थलांतर हे कारण नसून सबब आहे. २००७ साली गुवाहाटीत आदिवासींनी या मागणीसाठी मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि एका आदिवासी मुलीला भर रस्त्यात विवस्त्र केलं गेलं. २०१९ मध्ये सहा समाजांना अनुसूचित जमातीत घेण्याचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा प्रश्न संविधान सभेत बाबासाहेबांना विचारला गेला होता. अनुसूचित क्षेत्रातला आदिवासी बाहेर गेला, तर त्याच्या सवलती त्याच्याबरोबर जातील का? बाबासाहेबांनी उत्तर टाळलं नाही. प्रश्न अवघड आहे असं ते म्हणाले. आहे त्या मसुद्याप्रमाणे त्या सवलती सोबत नेता येणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केलं. आणि योग्य ठिकाणी हा विषय लावून धरला तर घटनेत एखादं कलम घालून उत्तर देता येईल, हेही सांगितलं. न्यायालयांनी पुढे उत्तराचा पहिला भाग उचलला. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. वडील नोकरीसाठी महाराष्ट्रात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. जात किंवा जमात 'त्या राज्यापुरती' असते, हा नियम पक्का झाला.

आपल्यापैकी किती जण हे अनुभवतात! विदर्भातून, मराठवाड्यातून सुरत, हैदराबाद, बंगळूरला गेलेली आपली माणसं. तिथे त्यांना भाड्याने घर देताना जात विचारली जाते, पण प्रवेशाच्या अर्जावर त्यांचं प्रमाणपत्र चालत नाही. मी प्रमाणपत्रांच्या कामात अशी कुटुंबं पाहते. जात राज्याची सीमा ओलांडते, संरक्षण ओलांडत नाही. मग लावून धरा म्हणून बाबासाहेबांनी मोकळी ठेवलेली दुसरी वाट कोण चालणार?

आसामच्या बोडो आणि इतर जमातींची भीतीही समजून घ्यायला हवी. एवढी मोठी लोकसंख्या यादीत आली तर आपला वाटा आणि आपली जमीन जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय त्यांचा वाटा वेगळा सुरक्षित ठेवून नव्या समाजांना स्वतंत्र वाटा देण्याचा आहे. गरिबांच्या दोन समाजांनी एकाच भाकरीवरून भांडावं, हे सत्ताधाऱ्यांना सोयीचं असतं.

आणि यादीत नाव असणं पुरेसं नसतं, हेही डुआर्सच शिकवतं. बंगालमधला उरांव अनुसूचित जमातीत आहे, पण त्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली. रेग्यांनी मळ्यांतल्या मजुरांवर वेगळा अहवाल लिहिला. १९५१ च्या मळे मजूर कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर मालकावर बंधनकारक केलं. पण घर मालकाकडेच राहिलं. घरातल्या एकाने तरी मळ्यात काम करत राहावं, तरच छप्पर टिकतं. २००० नंतर अनेक मळे बंद पडले, तेव्हा मजुरी, रेशन, दवाखाना एकाच दिवशी थांबलं आणि उपासमारीने माणसं मेली. २०२३ मध्येही डुआर्सच्या चहामजुराची रोजची मजुरी होती २५० रुपये. काचेच्या छतातून जे हिरवंगार दिसतं, त्याची ही किंमत आहे.

मित्रांनो, रेल्वेने आधुनिकता आणली असं शाळेत शिकवतात. डुआर्सची रेल्वे सांगते की रूळ फक्त माल आणि मजूर वाहतात, हक्क आपोआप वाहत नाहीत. ते लढून चढवावे लागतात. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. स्थलांतरित अनुसूचित जाती-जमातींना कामाच्या राज्यात शिक्षण आणि नोकरीत संरक्षण. आसामच्या मळ्यांतल्या आदिवासींना स्वतंत्र वाट्यासह अनुसूचित जमातीचा दर्जा. आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला त्याच्या राहत्या घराच्या जमिनीचा मालकी हक्क. संकोशच्या पलीकडचा मुंडा आणि सुरतच्या झोपडपट्टीतला आपला माणूस एकाच प्रश्नाचे वारस आहेत. हा प्रश्न आपण एकत्र मांडला, तरच बाबासाहेबांनी मोकळी ठेवलेली ती वाट पुढे सरकेल.

जय भीम! जय संविधान!